आईनं खाल्लेले घास

दुष्काळाच्या त्या वर्षी मी सात वर्षांची होते. आमचं गाव अहमदपूरकडचं. तेव्हा ते उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. वडील तलाठी. आठ-दहा मैलांवर सरकारी कामं निघाली होती, कुठं पाझर तलाव, कुठं खडी फोडणं, आणि वडिलांना तिथल्या हजेरीवर नेमलं होतं. आठ-आठ दिवस ते घरी येत नसत. आले की डोळे लाल असायचे आणि टोपी काढली की कपाळावर मातीची रेघ दिसायची.

त्या वर्षातलं सलग असं मला फार आठवत नाही. आठवतो तो उजेड. सकाळी नऊलाच पांढरा पडायचा, उंबऱ्यावरून आत यायचा आणि जमिनीवर पडून राहायचा. गुरं छावणीवर गेली होती, म्हणून गळ्यातल्या घंटांचा आवाज नव्हता. माणसं कामावर गेलेली. दुपारी गल्लीत उभं राहिलं की आपलंच नाव कुणीतरी लांबून, पाण्याखालून हाक मारल्यासारखं ऐकू यायचं. मी वळून बघायचे. कुणी नसायचं.

त्याच चैत्रात माझी धाकटी बहीण गेली. चार महिन्यांची होती. दोन दिवस जुलाब झाले. तिसऱ्या दिवशी मला शेजारी अव्वांकडं नेऊन बसवलं. अव्वा म्हणजे किराणा दुकान चालवणाऱ्या लिंगायत घरातली थोरली बाई. गळ्यात चांदीची लिंगाची डबी, बोलणं अर्धं कानडी. त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळी घरी आले तर पाळणा आढ्याला वर बांधून टाकला होता.

आई त्यानंतर पंधरा-वीस दिवस नेहमीसारखी वागली. चूल पेटवायची, झाडायची, रांगेत जाऊन पाणी आणायची. मग एका सकाळी ती उठली नाही. ताप नव्हता, दुखत नव्हतं. भिंतीकडं तोंड करून वाकळेवर पडली होती आणि एका बोटानं भिंतीच्या पोपड्याची कड गिरवत होती. मी हाक मारली. तिनं मान हलवली, पण वळली नाही.

वडील आले तेव्हा तिच्या उशाशी बराच वेळ बसले. दुसऱ्या दिवशी निघताना सायकल भिंतीला टेकवून ते माझ्यासमोर उकिडवे बसले. माझ्या उंचीला येऊन ते कधी बोलल्याचं त्याआधी आठवत नाही.

"आईकडं बघशील ना?"

"हाव."

"दोन घास तरी खाऊ घाल. तू शहाणी हायस. तुझ्या भरवशावर सोडून चाललोय."

मला अभिमान वाटला, हे खरं आहे. एवढं मोठं काम माझ्यावर सोपवून वडील निघाले होते. सायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी दारात ताठ उभी होते.

त्या वर्षापुरती माझी शाळा सुटली ती तेव्हापासूनच. मी आईच्या शेजारी बसायचे. रेशनवर मिलो म्हणजे परदेशातली तांबडी ज्वारी मिळायची, तिची भाकरी कडक आणि कडसर व्हायची. अव्वा भाकरी करून द्यायच्या, मी ती चहाच्या पाण्यात भिजवून आईच्या तोंडाशी न्यायचे. कामावर मजुरांना वाटायची ती गोड पिठाची सुकडी वडील आणायचे, तिचे छोटे लाडू वळायचे. कधी अव्वांकडची आंबील. किती घास गेले ते मी मनात ठेवायचे, कारण वडील आले की विचारायचे. मंगळवारी तीन घास. बुधवारी पाच, पण शेवटचा तिनं हातात धरून ठेवला. गुरुवारी फक्त आंबील, अर्धी वाटी.

एकदा गल्लीतली एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "आईला आडाकडं एकटी जाऊ देऊ नगं, बाळा." आड तर कोरडा पडला होता. तळाला तडे गेलेले दिसायचे. कोरड्या आडावर आई कशाला जाईल, मला कळेना. पण बाईचा चेहरा असा होता की मी पुढं काही विचारलं नाही. त्या दिवसापासून दुपारी आईच्या शेजारी पडले की तिच्या पदराचं टोक मी मनगटाला गुंडाळून घ्यायचे. डोळा लागायचा, पदर किंचित ओढला गेला की जाग यायची. आईनं फक्त कूस बदललेली असायची. त्या जागण्या-झोपण्याच्या मधल्या जागेत मी किती दुपारी काढल्या, सांगता येणार नाही. आजही दुपारची झोप लागली की उजव्या मनगटाला काहीतरी मऊ बांधलंय असं वाटतं.

ती बोलायची नाही म्हणून मी बोलायचे. पाण्याच्या गोष्टी सांगायचे. आपल्या गल्लीतनं नदी चाललीय, हळूहळू, आवाज न करता. अव्वांच्या दुकानातली पोती तरंगून राहिलीत. शाळेत मासे येऊन बसलेत, गुरुजी त्यांना पाढे म्हणायला लावतायत आणि माशांच्या तोंडातनं नुसते बुडबुडे निघतायत. आपली बाज पण निघालीय, तू झोपूनच राहा, मी वल्हवते. असं तासन्‌तास. आईच्या पाठीकडं बघून मी सांगायचे, आणि सांगता सांगता भिंतीवर खरंच पाण्याची नक्षी हलायला लागायची.

एवढ्या दिवसांत मी रडले नाही. बहिणीसाठीही नाही. रडले असते तर आई आणखी खोल गेली असती, असं मला पक्कं वाटायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं, आई उठली. पण ती पुरती उठली नाही. वर्षातले काही आठवडे ती पुन्हा भिंतीकडं वळायची. वडिलांची बदली व्हायची, गावं बदलायची, भिंती बदलायच्या. मी दहावी होईपर्यंत हे चाललं. लोक म्हणायचे, बाईला बाहेरचं झालंय. गंडेदोरे झाले, दर्ग्यावरचा ऊद झाला. डॉक्टरकडं न्यायचं असतं हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मी होतेच.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या कलेक्टर कचेरीत माणसं हवी होती; वडील तोवर कारकून झाले होते, त्यांची तिथं नेमणूक झाली. त्याच सुमाराला मला नांदेडच्या आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या कोर्सला प्रवेश मिळाला. मी जाणार नाही म्हणाले. वडील पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले, "जा म्हणतोय तर जा की! आता मी हाय ना घरी." खरंच, कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर होती. दुष्काळापासून पहिल्यांदाच ते रोज संध्याकाळी सहाला घरी येणार होते.

नांदेडला होस्टेलवर मी रोज आईच्या खाण्याचा विचार करायचे. दिवाळीच्या सुटीत एसटीनं लातूरला गेले. गावात सगळीकडं रंगाचा वास होता. पाट्यांवरचं उस्मानाबाद पांढऱ्या रंगानं पुसून वर लातूर लिहिलं होतं, पण ऊन तिरपं पडलं की खालची अक्षरं दिसायची. गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका बोळात आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. बोळात शिरले तर आतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. पाहुणी आलीय वाटतं, असं मनात आलं. दारात पोचले. आई शिलाईच्या मशीनवर बसली होती, शेजारच्या दोघी बायका जमिनीवर, आणि हसत होती ती आई होती.

"आली गं माझी पोर," म्हणाली. उठली, माझ्या हातातली पिशवी घेतली. मी सवयीनं चुलीकडं जायला लागले तर म्हणाली, "बस की. दमून आलीस. मी हाय ना."

तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं. स्वतःही घेतलं. दोन भाकरी खाल्ल्या, वर पिठलं, आणि बोटं चाटली. मी बघत राहिले. आनंद व्हायला हवा होता, आणि मला आतून गार गार वाटत होतं. दहा वर्षं मी शेजारी बसून होते तेव्हा ही उठली नाही, आणि मी गेल्यावर तीन महिन्यांत उठली. प्रॅक्टिकल आहे असं खोटं सांगून मी दोन दिवस आधीच नांदेडला परतले. एसटीच्या खिडकीतून बाहेरची शेतं मागं जात होती आणि मला वाटत होतं, मीही तशीच मागं मागं जातेय.

हे मी कुणाला सांगितलं नाही. पुढं तेहतीस-चौतीस वर्षं नाही.

मला पाटबंधारे खात्यात ट्रेसरची नोकरी लागली. कालव्यांचे, धरणांचे नकाशे पारदर्शक कापडावर शाईनं उतरवायचे. हात स्थिर लागतो, माझा होता. नांदेडलाच विष्णुपुरी धरणाजवळ घर झालं. नवरा शाळेत शिक्षक, सरळ माणूस. मुलगी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. ऑफिसात कुणाच्या घरी आजारपण आलं की डबा माझा, कुणाचं भांडण झालं की मिटवायला मी. लोक म्हणायचे, तुम्हाला कधी चिडलेलं पाहिलं नाही.

पन्नाशी उलटली आणि पुन्हा दुष्काळ पडला. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली ते हे वर्ष. गोदावरीच्या पात्रात खडक उघडे पडले होते. ऑफिसात जुने कापडी नकाशे कॉम्प्युटरवर घ्यायचं काम चालू होतं. मी मूळ नकाशावरची रेघ बोटानं दाखवायची आणि शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी पडद्यावर तपासायची. एका दुपारी मी एका कालव्याच्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते पुढं जाईना. दुखत नव्हतं. फक्त पुढं न्यायचं कशाला, हे कळत नव्हतं. मुलगी म्हणाली, "मॅडम?" खिडकीतून तोच उजेड आत आला होता, पांढरा, जमिनीवर पडून राहिलेला. किती वेळ गेला कोण जाणे. मला रिक्षात घालून घरी पाठवलं.

त्यानंतरचे आठवडे धुरकट आहेत. आंघोळ म्हणजे डोंगर वाटायचा. केस विंचरायला हात वर जायचा नाही. नवऱ्यानं वाट पाहिली नाही, मला मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं. हे नैराश्य आहे, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. गोळ्या सुरू केल्या आणि आठवड्यातून एकदा बोलायला एका समुपदेशक बाईंकडं पाठवलं. एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर छोटी खोली, निळा पडदा, दोन खुर्च्या. बाई तिशीतल्या, भोकरच्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला ताई.

मी उत्तम पेशंट होते. पाच मिनिटं आधी पोचायचे. पहिल्या वेळी पेरू नेले, दुसऱ्या वेळी लोणचं. मॅडमना खोकला झाला तर ज्येष्ठमधाचा तुकडा नेला. "या आठवड्यात कसं होतं?" असं त्या विचारायच्या, तेव्हा मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचे. भुवया किंचित वर गेल्या असल्या तर वाटायचं, ह्यांना आज चांगलं काही ऐकायचंय. मग सांगायचे, "बरं वाटून राहिलं. दोन दिवस स्वयंपाक केला." त्या लिहायच्या. त्यांचं पेन पळालं की मला समाधान वाटायचं. खाली उतरून रिक्षात बसले की अंग पुन्हा शिशासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, बोलण्यातून इतकी प्रगती दिसतेय तर वजन का घटतंय? गोळीचं प्रमाण वाढवावं लागलं.

सहावी-सातवी भेट असेल. मॅडमचा चेहरा उतरला होता, डोळ्यांखाली काळं. त्या आठवड्यात मी तीन दिवस पलंगावरून उतरले नव्हते. ते सांगायचं ठरवून गेले होते. पण त्यांना पाहिलं आणि सगळं गिळलं. उलट ऑफिसातली एक गमतीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. मला फार बरं वाटलं. घरी येऊन मी फोन केला, "मॅडम, मी आता पुष्कळ बरी आहे. एक-दोन महिने येत नाही." त्यांना जरा विश्रांती मिळेल, एवढंच माझ्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"ताई, माझ्या थकव्याचं मी बघते. तुम्ही या."

मी गेले. त्या खुर्ची थोडी पुढं ओढून बसल्या. पेन, वही दोन्ही बाजूला ठेवलं होतं.

"आज एकच करायचं. मला बरं वाटेल असं काही सांगायचं नाही."

मला हसू आलं. निळा पडदा पंख्यानं फुगायचा, पुन्हा खाली बसायचा. खाली दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. अर्धा तास आम्ही दोघी गप्प. त्या घाबरल्या नाहीत, चिडल्या नाहीत, उठून गेल्या नाहीत. शेवटी मीच म्हणाले, "मला असं गप्प बसलेल्या माणसाशेजारी बसायची सवय आहे. पण गप्प मी, आणि शेजारी दुसरं कुणी, हे पहिल्यांदाच."

"पहिल्यांदा कोण गप्प होतं?"

आणि मी सांगायला लागले. दुष्काळ, पाळणा, भिंत, वडिलांची सायकल. मंगळवारचे तीन घास, बुधवारचे पाच, गुरुवारची अर्धी वाटी. सगळं काल घडल्यासारखं. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं,

"आणि तुम्ही? तुम्ही काय खायचात?"

मी काहीतरी खाल्लंच असणार, जगले ना. अव्वांनी भरवलं असेल, उरलेलं खाल्लं असेल. पण त्या अख्ख्या वर्षातला माझा स्वतःचा एक घास मला आठवेना. आईच्या ओठाला लागलेलं आंबिलीचं पांढरं आठवत होतं, आणि माझ्या जिभेवर काहीच नव्हतं. त्या पोरीला मी आठवणीत शोधत होते. ती आईच्या पाठीमागं बसलेली होती आणि तिचा चेहराच नव्हता.

तेव्हा मी रडले. लहान मुलासारखं, नाक गळेपर्यंत. मध्येच "सॉरी मॅडम" म्हणाले. त्या म्हणाल्या, "मला काही होत नाहीये. रडा."

नंतरच्या एका भेटीत त्यांनी हे उलगडून सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. लहानपणी ज्याला वाटलेलं असतं की आपण आपलं दुखणं दाखवलं तर घर कोसळेल, तो माणूस मोठेपणी डॉक्टरलाही दुखणं दाखवत नाही. समोरच्याला सांभाळत बसतो. त्यामुळं बोलणं पुष्कळ होतं, पण औषध लागायचं तिथं लागत नाही. "तुम्ही इथं बरं व्हायला येत नव्हता, ताई. माझी ड्युटी करायला येत होता." मला ते लागलं. पण खरं होतं.

लातूरची दिवाळी सांगायला मात्र आणखी दोन महिने लागले. आईच्या हसण्याचा राग आला, हे उच्चारताना माझा आवाज बारीक, सात वर्षांच्या पोरीचा झाला. ऐकून मॅडम मला वाईट मुलगी म्हणतील असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "राग येणारच. तुम्ही एवढं केलंत, आणि ती तुमच्यामुळं बरी झाली नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि ती आजारी पडली, तीही तुमच्यामुळं नाही." दुसरं वाक्य माझ्या आत उतरायला किती दिवस लागले! मी ते भाकरी थापताना म्हणायचे, नळाची वाट बघताना म्हणायचे.

त्याच उन्हाळ्यात मी लातूरला गेले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई एकटी राहायची आणि नांदेडला यायला तयार नव्हती. पाण्याचं संकट ऐन भरात होतं. ती घरी नव्हती, बोळाच्या तोंडाशी टँकरच्या रांगेत होती. प्लॅस्टिकच्या घागरी, डबे, पातेली, आणि सावलीला बसलेल्या बायका. आई एका उलट्या बादलीवर बसली होती. मी शेजारी पायरीवर बसले. उन्हानं सगळी गल्ली हलल्यासारखी दिसत होती.

"आई, मला गोळ्या चालू हायत."

"कशाच्या?"

"मनाच्या. मी आजारी हाय. तू पडून राहायचीस तसं."

रांग पुढं सरकली, तिनं पायानंच घागर पुढं ढकलली.

"लई दिवस झाले?"

"हाव. सात-आठ महिने."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"मीच नको म्हणाले होते."

तिनं घागरीचं तोंड पदरानं पुसलं. मग म्हणाली, "तू नदीचं सांगायचीस. माशांचं. मला समदं ऐकू यायचं. लई वाटायचं की वळावं, तुला जवळ घ्यावं. अंग वळत न्हवतं. तोंड उघडत न्हवतं."

मला वाटायचं, मी भिंतीशीच बोलत होते. त्रेचाळीस वर्षं मला असंच वाटत आलं होतं.

"तू होतीस म्हून मला पडून तरी ऱ्हाता आलं," ती म्हणाली. "न्हाई तर..." पुढचं ती बोलली नाही. दोघींनाही ते ठाऊक होतं.

एरवी मी लगेच म्हणाले असते, जाऊ दे आई, झालं गेलं. या वेळी जीभ आवरली.

"मी लहान होते गं, आई."

"हाव," ती म्हणाली. "लई लहान होतीस."

तिनं माझी माफी मागितली नाही, मी तिला मिठी मारली नाही. टँकरचा हॉर्न वाजला, बायका उठल्या, पाईपवरून नेहमीची ओढाताण सुरू झाली. आईनं आरडाओरडा करून आपली घागर भरून घेतली. मी दुसरी भरली. बोळातून परत येताना दोघींच्या कमरेवर पाणी डुचमळत होतं आणि आमचे पदर ओले झाले होते. त्या संध्याकाळी तिनं केलेली भाकरी मी नीट चव घेऊन खाल्ली. ज्वारीची होती, किंचित करपलेली, गोड.

मी एका वर्षात बरी झाले असं म्हणणं खोटं ठरेल. चढउतार होते. पावसाळ्यात मॅडमनी सांगितलं की त्यांना दिवस गेलेत आणि तीन-चार महिने त्या सुटीवर असतील. मी तोंडभरून अभिनंदन केलं, डोहाळ्यांचं विचारलं, जिन्यावरून अर्धी खाली उतरले. मग थांबले. पुन्हा वर गेले आणि दारात उभी राहून म्हणाले, "मॅडम, मला राग आलाय. तुम्ही निघाल्यात म्हणून." आयुष्यात एवढं उद्धट मी कुणाशी बोलले नव्हते.

त्या उठून माझ्यापर्यंत आल्या. "पुढच्या वेळी आपण ह्याच्यावरच बोलू," म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला कळलं, आज मी पहिल्यांदा खरी पेशंट झालेय. त्या सुटीवर गेल्या, तेवढ्या काळापुरती मी त्यांनी सुचवलेल्या दुसऱ्या बाईंकडं गेले, आणि त्या परत आल्यावर पुन्हा त्यांच्याकडं. गोळ्या हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानं, कमी झाल्या. एक अजून चालू आहे. ऑफिसातून मी वेळेवर निवृत्त झाले.

अजूनही काही दिवस येतात. दुपारी उजेड जमिनीवर पसरतो आणि कडा विरघळायला लागतात. मागच्या उन्हाळ्यात असाच दिवस होता. मी खाटेवर बसून उगाच रडत होते. मुलगी आता नोकरीला लागलीय, सुटीवर आली होती, मैत्रिणींबरोबर सिनेमाला निघाली होती. चप्पल घालता घालता तिनं मला पाहिलं. चप्पल काढली. जवळ येऊन माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर मी तो भाव पाहिला: आता आपण इथंच बसायला हवं.

"आई, मी जात नाही. राहते तुझ्याजवळ."

"जा," मी म्हणाले.

"तू रडतीयेस पण."

"हाव. रडतेय. रडून होईल माझं. बाबा येतील तासाभरात, आणि उद्या मॅडमची वेळ घेतलीय. तू सिनेमा बघ."

ती घुटमळली. मी तिची पर्स तिच्या खांद्याला अडकवली. ती गेली, जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज झाला, मग स्कूटीचा. मी थोडा वेळ आणखी रडले. मग भूक लागल्यासारखं वाटलं, म्हणून उठून स्वतःपुरता उपमा केला आणि गरम गरम खाल्ला.